रोल कुणासाठी कापला आहे

आपोआप वाजणाऱ्या पियानोचा, भोकं पाडलेला कागदी रोल हातात आला की त्याच्यावर छापलेलं नाव मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी दोन्ही टोकं बघते. टोकांना बाहेर आलेल्या खुंट्या असतील तर रोल एका जातीचा, टोकं आत खोलगट असून एकाला खाच असेल तर दुसऱ्या. मग फूटपट्टीने कागदाची रुंदी, मग दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर, मग कागदाच्या दोन्ही कडा. एवढं झालं की कळतं, हा कागद कोणत्या यंत्रासाठी कापला होता. रचना कोणाची आणि वाजवली कोणी, हे त्यानंतर. भलत्या यंत्रावर चढवलेल्या रोलमधून जे ऐकू येतं, त्याला एखाद्या वादकाचं नाव चिकटवणं मला अन्यायाचं वाटतं.

हे सगळं शिकायला निमित्त झाले नाना. नाना माझ्या वडिलांचे मित्र. वडील बडोद्याच्या रावपुऱ्यात पेट्या दुरुस्त करायचे आणि नानांच्या भजनी मंडळाची पायपेटी आमच्याकडेच यायची, तेव्हापासूनचा घरोबा. दांडिया बाजारच्या बाजूला त्यांचं जुनं घर. पुढच्या खोलीत झोपाळा, आणि झोपाळ्यामागे त्यांच्या वडिलांनी आणलेला, पायाने चालणारा आपोआप वाजणारा पियानो. पियानो आला एकीकडून आणि रोलची ट्रंक आली मुंबईच्या कुठल्याशा लिलावातून. घेणाऱ्याने ट्रंक उघडून बघितली नसावी. त्यामुळे घरात दोन पिढ्या एकच समज चालत आला: काही रोल चांगले आहेत आणि काही बिघडलेले. मध्यंतरी एका दुरुस्तीवाल्याने निकालच देऊन टाकला, यंत्र गेलं, आतलं सगळं काढा आणि नुसता पियानो ठेवा. नानांनी ते ऐकलं नाही. मला निरोप आला, "तुझ्या बाबांनी बघितलं असतं. आता तू ये."

पेटीच्या घरात वाढलेल्या माणसाला हे यंत्र परकं वाटत नाही. आपल्या पेटीत भाता हवा सुरांवर ढकलतो. इथे उलट आहे: पायाने भाते चालवले की आतली हवा उपसली जाते आणि सगळ्या नळ्यांत ओढ तयार होते. संगीत नाटकांत जो परदेशी बनावटीचा ऑर्गन असायचा, त्याचंही तत्त्व हेच, ओढीचं. समोर एक पितळी पट्टी असते, ट्रॅकर बार, आणि तिच्यात ओळीने बारीक भोकं, एकेका सुराचं एकेक. कागद त्या पट्टीवर घट्ट बसून सरकत असतो. कागदातलं भोक पट्टीवरच्या भोकासमोर आलं की बाहेरची हवा त्या नळीत शिरते, चामड्याची एक पातळ टिकली वर उचलली जाते, झडप उघडते, आणि त्या सुराचा चिमुकला भाता आकसतो. आकसता आकसता तो पियानोच्या हातोडीला धक्का देतो. कागदातलं भोक जितकं लांब, तितका वेळ सूर धरलेला. वीज नाही, स्प्रिंग भरायची नाही. सगळं काम हवेचं.

म्हणून आधी हवा बघितली. खालच्या भात्यांचं रबरी कापड घडीवर चिरलं होतं आणि नळ्या वाळून कडक झाल्या होत्या. मदतीला आलेल्या सुताराने गालाजवळ तळहात धरून गळती शोधली आणि म्हणाला, "बेन, हवा तो अहींथी जाय छे." हवा बंद झाल्यावर ट्रंकेतला एक साधा रोल लावला आणि पियानो अगदी स्वच्छ वाजला. यंत्र गेलं नव्हतं. मग बाकीच्या रोलना बिघडलेलं म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि मी ट्रंक रिकामी करायला घेतली.

पायाने चालणाऱ्या या यंत्राचा जनक एडविन व्होटी. १८९५ साली डेट्रॉइटमध्ये त्याने पहिलं यंत्र बनवलं, आणि एओलियन कंपनीने ते 'पियानोला' या नावाने जगभर विकलं. सुरुवातीचा पियानोला पियानोच्या आत नसायचाच. एक वेगळं कपाट असायचं, ते साध्या पियानोपुढे ढकलून उभं करायचं, आणि त्याची बनातीने मढवलेली लाकडी बोटं पियानोच्या पट्ट्या दाबायची. ती बोटं होती ६५. साध्या पियानोच्या पट्ट्या मात्र ८८. म्हणजे खालच्या आणि वरच्या टोकाच्या मिळून २३ पट्ट्यांना यंत्र शिवायचंच नाही, आणि त्या काळच्या रोलमध्ये रचना त्या मधल्या पट्ट्यांत बसवून घेतलेली असायची. पुढे ८८ सुरांची यंत्रं आली, प्रत्येक कारखान्याची तऱ्हा निराळी, आणि गिऱ्हाइकाला रोल घेताना काहीच कळेना. अखेर १९०८ च्या डिसेंबरात अमेरिकेतले कारखानदार बफेलो शहरात जमले आणि ठरलं: कागदाची रुंदी सव्वाअकरा इंच, ६५ सुरांच्या रोलला इंचात ६ भोकं, ८८ च्या रोलला इंचात ९.

माझ्या मते या यंत्राच्या इतिहासात त्या बैठकीइतकं शहाणपणाचं काम दुसरं झालं नाही. पण तिनेच एक फसवी गोष्टही मागे ठेवली. दोन्ही रोलची रुंदी एकच. डब्यात ठेवलेले दोन्ही सारखेच दिसतात. सहाच्या हिशेबाने कापलेला कागद नऊच्या पट्टीवर नेला तर इंचातली सहा भोकं नऊ जागांवर वाटेल तशी पडतात, काही मोकळ्या जागी, काही दोन सुरांच्या मधे. नानांकडचे 'भुताटकीचे' रोल म्हणून घरातली मुलं ज्यांना घाबरायची, ते हेच. त्यांच्या टोकांना खुंट्या आहेत, म्हणजे या यंत्रात ते मुळात बसायलाच नकोत. कोणीतरी पूर्वी त्यांतल्या काहींच्या खुंट्या तासून बसवले होते. काही कारखान्यांनी दोन्ही पट्ट्या असलेली यंत्रं बनवली, एक खटका ओढला की ६५, पुन्हा ओढला की ८८. नानांचं यंत्र तसं नाही. ते रोल वेगळे बांधून ठेवले आणि त्यांच्यापुरता विषय मिटला.

ट्रंकेच्या तळाशी मात्र एक असा रोल निघाला की तो लावून बघायचाही प्रश्न नव्हता. लाल कागद, आणि रुंदी जवळजवळ तेरा इंच. डबा नाही, सुरुवातीचा नावाचा भाग फाटून गेलेला. हा वेल्टेचा. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये वेल्टे-मिन्योन नावाचं यंत्र काढलं. एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश हे त्याचे कर्ते. त्याआधीच्या रोलमध्ये सूर आणि त्यांची लांबी असायची, जोर मात्र पाय मारणाऱ्याने द्यायचा. वेल्टेच्या रोलमध्ये जोरसुद्धा कागदातच कापलेला: सुरांच्या भोकांपलीकडे, दोन्ही कडांना, फक्त जोर सांगणारी भोकं. वादकाने कुठे दाबलं, कुठे हात हलका केला, हे यंत्र ती भोकं वाचून करायचं. म्हणून मोठमोठे वादक आणि रचनाकार तिथे जाऊन बसले. १९०५ मध्ये ऑस्ट्रियन रचनाकार गुस्टाव माहलरने वेल्टेसाठी चार रोल वाजवले. त्याच्या वादनाची दुसरी कोणतीही नोंद जगात नाही, तबकडी नाही, काही नाही. माहलरचा हात कसा होता याचा पुरावा म्हणजे तो लाल कागद, आणि तो वाचू शकणारं यंत्र.

नानांचा नातू इंजिनीअर आहे, मनापासून मदत करतो. तो म्हणाला, "आत्या, दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच कापला तर बसेल की." त्याला समोर बसवून मी कडेची भोकं दाखवली. कापलं असतं तर आधी जोर गेला असता आणि मग, भोकांची मांडणीच निराळी असल्यामुळे, सूरही गेले असते. रागावले नाही मी त्याच्यावर. पण त्या दिवशी त्या रोलला जाड पुठ्ठ्याची नळी करून आत घातलं आणि नानांनी स्वतः वर लिहिलं, "लाल, रुंद, वेल्टे. इथे वाजवू नये. कापू नये." आता असे रोल न वाजवताच प्रकाशात धरून त्यांचं स्कॅन करतात, आणि मग भोकं मोजून त्यातलं संगीत बाहेर काढतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात हे काम पद्धतशीर चालतं. नातू आता त्या मार्गाला लागला आहे, आणि ते काम त्याच्या हातून होईल अशी माझी खात्री आहे.

सगळ्यात जास्त वेळ मला गुंतवून ठेवलं ते तिसऱ्या गठ्ठ्याने. रुंदी बरोबर, टोकं बरोबर, इंचात नऊ भोकं बरोबर. लावला की रचना ओळखू येते. पण मधूनच अगदी खालचा सूर घुमतो, अगदी वरचा टिणटिणतो, जिथे त्यांचा काही संबंध नाही तिथे. नानांच्या घरी याला "रोलला कसर लागली" म्हणायचे. कसर लागलेली भोकं मी ओळखते, जुन्या पोथ्यांत खूप बघितली आहेत. ती वेडीवाकडी असतात. ही भोकं शिस्तीत होती. डब्याच्या झाकणावर पुसट अक्षरं होती: ड्युओ-आर्ट.

ड्युओ-आर्ट ही एओलियनचीच पद्धत, १९१४ च्या सुमाराला बाजारात आलेली. पोलिश पियानोवादक पादेरेव्स्की त्यांच्यासाठी वाजवायचा. त्यांनी वेल्टेसारखा रुंद कागद घेतला नाही, सव्वाअकरा इंचाचाच ठेवला. मग जोराच्या भोकांना जागा कुठून आणायची? सगळ्यात खालच्या चार आणि सगळ्यात वरच्या चार सुरांच्या जागा घेतल्या. त्यामुळे ड्युओ-आर्टच्या रोलमध्ये वाजणारे सूर उरले ८०. डावीकडची चार भोकं साथीचा जोर सांगतात, उजवीकडची चार मुख्य धूनचा. चार भोकांना किंमत आहे १, २, ४ आणि ८. त्यांच्या बेरजेने शून्यापासून पंधरापर्यंत जोराच्या सोळा पायऱ्या होतात. पहिलं आणि तिसरं उघडं असेल तर पाच, चारही उघडी असतील तर पंधरा. शिवाय कडेला दोन-दोन बारीक भोकांची जोडी येते. ती सांगते की या क्षणाचा सूर धूनचा आहे, त्याला पुढे काढ. किती थोडक्यात किती सांगितलं आहे!

नानांचं साधं यंत्र यातलं काही जाणत नाही. त्याच्या लेखी त्या आठ जागा म्हणजे आठ सूर. कागद म्हणतो "साथ जरा वाढव", यंत्र इमानदारीने सगळ्यात खालची पट्टी वाजवतं.

आणि दुसरं जोर जाणणारं यंत्र असतं तरी भागलं नसतं. अमेरिकन पियानो कंपनीची अँपिको नावाची पद्धत होती, चार्ल्स स्टॉडर्डने बसवलेली. रशियन रचनाकार आणि पियानोवादक रखमानिनोव त्यांच्यासाठी वाजवायचा. तिचाही कागद सव्वाअकरा इंची, तिचीही जोराची भोकं कडांना. पण ड्युओ-आर्टमध्ये भोक उघडं आहे तोवरच तो जोर टिकतो. अँपिकोमध्ये एक छोटं भोक जोर लावून ठेवतं, आणि पुढे ते रद्द करणारं दुसरं भोक येईपर्यंत तो जोर तसाच राहतो. एकाचा रोल दुसऱ्यावर लावला तर सूर बहुतेक तेच, आणि वादकाचा स्वभाव पार उलटापालटा. ऐकणाऱ्याला वाटावं, रखमानिनोवला हळू वाजवताच येत नव्हतं.

मला हे पटकन समजलं याचं कारण बडोद्यात शिकलेलं गाणं. इथे सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली आणि मौलाबक्षांच्या हाती दिली. त्यांनी शिकवण्यासाठी स्वतःचं स्वरलेखन तयार केलं होतं. १९१६ ची अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात झाली, भातखंडे तिच्या केंद्रस्थानी होते. आमच्या घरात वडिलांच्या बाजूची वही भातखंडे पद्धतीची आणि आजोळहून आलेली पलुसकर पद्धतीची. भातखंड्यांच्या लेखनात स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक. पलुसकरांच्या लेखनात डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र. भातखंड्यांकडे 'म'वर उभी रेघ म्हणजे तीव्र मध्यम. पलुसकरांकडे स्वरावर उभी रेघ म्हणजे तार सप्तक. कागद तोच, खूण तीच, जागा तीच. आजोळची वही वडिलांच्या डोळ्यांनी वाचली तर मंद्रात उतरणारी आलापी तारेत किंचाळते, आणि पान उलटणारा म्हणतो, "कोणी लिहिलंय हे?" लिहिणाऱ्याने नीटच लिहिलेलं असतं. माझी आई अशा वह्यांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने 'प.' किंवा 'भा.' लिहून ठेवायची. त्या एका अक्षरावर पुढची सगळी बंदिश अवलंबून असायची.

नानांच्या डब्यांवर मीही तेच सुरू केलं. पण ड्युओ-आर्टच्या गठ्ठ्यावर नुसतं लिहून ठेवणं मनाला पटेना. ते रोल या यंत्रावर लागतात, सूर देतात. निम्म्या वाटेवर उभे आहेत, तर उरलेली वाट आपण चालू या, असं वाटलं. ट्रॅकर बारची खालची चार आणि वरची चार भोकं हलक्या चिकट कागदी पट्टीने झाकली, अशी की पितळेला डिंक राहू नये. घुमणारे आणि टिणटिणणारे सूर थांबले. रचना स्वच्छ ऐकू आली, आणि एकदम सपाट. जोर सांगणारं तोंडच बंद केलं होतं ना.

त्याआधी एक काम होतं, वेगाचं. रोलच्या सुरुवातीला टेम्पो छापलेला असतो. ७० लिहिलं असेल तर कागद मिनिटाला ७ फूट सरकला पाहिजे, ८० असेल तर ८. नानांच्या यंत्राचा काटा किती खरं बोलतो ते कोणी कधी बघितलं नव्हतं. एका आधीच फाटलेल्या रोलवर सात फुटांची खूण केली, काटा ७० वर ठेवला, नातवाने घड्याळ धरलं. यंत्र बरंच पुढे पळत होतं. आजवर या घरात सगळ्या रचना घाईत वाजत आल्या होत्या. काट्याशेजारी नवी खूण केली. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते, कागद दमट हवेने फुगतो आणि भोकं पट्टीवरून किंचित सरकतात. त्यासाठी बाजूला एक छोटं चाक आहे, ते बोटाने फिरवत राहायचं. विश्वामित्रीला पाणी चढलं की नाना ट्रंक माळ्यावर टाकतात, ते वेगळंच.

मग बसलो. नाना पायट्यांवर, मी त्यांच्या डाव्या हाताला, डोळे कागदाच्या कडांवर. झाकलेल्या भोकांवरून जोराची भोकं सरकत जाताना मला दिसत होती, यंत्राला दिसत नव्हती. मी बेरीज करून आकडा सांगायचा आणि नानांनी पायाने तो द्यायचा, असं ठरलं. "चार... चार... सहा... नाना, नऊ! आता दोन." डावीकडचं आणि उजवीकडचं दोन्ही एकदम सांगणं जमेना, तेव्हा मी फक्त धूनकडे बघितलं आणि साथीचा खटका नातवाने सांभाळला. नानांचे पाय भजनाच्या पायपेटीवर तयार झालेले. टाचेने दाबलं तर काय आणि चवड्याने दाबलं तर काय, हे त्यांना सांगावं लागत नाही. अडखळत का होईना, सपाट रचनेला उतार-चढ आले. एके ठिकाणी धून अगदी क्षीण होत जाते आणि कागदावर बराच वेळ एकच भोक चालू असतं, किंमत १. नानांनी तिथे पाय जेमतेम टेकवून ठेवले होते, आणि स्वयंपाकघरातून काकू बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

नंतर नाना म्हणाले, "ते मधलं बारा मला पटत नाही गं. तिथे आठ पुरे. एवढं काय ओरडायचं?"

मी म्हटलं, "नाना, बारा लिहिलंय."

"लिहिलं असेल. पण ऐकायला आठ बरं."

आम्ही दोन्ही वाजवून बघितलं, आधी कागद सांगतो तसं, मग नाना म्हणतात तसं. खरं सांगायचं तर नानांचं आठच जास्त चांगलं लागत होतं, त्या खोलीत आणि त्या पियानोवर तरी. यावर पुढे चहा होईपर्यंत वाद चालला. बारा म्हणणाऱ्याला मोठं दालन आणि भक्कम ग्रँड पियानो मिळाला असेल, हे माझं म्हणणं. आपल्याकडे ते दालन नाही, हे नानांचं. शेवटी असं ठरलं की डब्यावर नोंद कागदाचीच राहील, ड्युओ-आर्ट, टेम्पो ७०, आणि नानांचं आठ आत वेगळ्या चिठ्ठीवर, तारीख घालून.

गठ्ठ्यातले बरेच रोल अजून उलगडायचे आहेत. कडा बघितल्याशिवाय एकही लावायचा नाही, एवढं नातवाला बजावून ठेवलं आहे.